जास्वंदीखालचा खड्डा आणि एका पायाची चप्पल: बुंदीचं प्रकरण

बुंदी ही साडेचार महिन्यांची गावठी कुत्री. मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्पीमागे सापडली तेव्हा जेमतेम सात आठवड्यांची असावी. घर सांगलीजवळच्या एका वसाहतीतलं: बैठा बंगला, पुढे लहानशी बाग, मागे परस, पाण्याची टाकी आणि एक सीताफळाचं झाड. घरात निवृत्त काका-काकू, नोकरी करणारे मुलगा-सून आणि तिसरीतली नात. घर ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत, कुत्रीचं नावही.

नुकसानाची यादी लांब होती. काकांच्या तीन कोल्हापुरी जोडांतली एकेक चप्पल, दारातलं पायपुसणं, गोधडीचा कोपरा, नातीचे खोडरबर, दिवाणाचा पाय आणि मोबाइलच्या चार्जरची वायर (नशिबाने बटण बंद होतं). बागेत जास्वंदीच्या बुंध्याशी हातभर खोल खड्डा, तुळशीची कुंडी दोनदा आडवी, कुंपणाच्या भिंतीलगत लांबलचक चर आणि टाकीमागे गोल, उथळ खळगे. काकांचं म्हणणं होतं, "ताई, महिनाभर बघतो. नाहीतर मळ्यात नेऊन सोडतो." कुत्र्यांच्या खोडी सोडवण्याच्या माझ्या कामात हे वाक्य मी अनेक घरांत ऐकते आणि त्यावर कधी वाद घालत नाही. माणूस थकला की असं बोलतो. थकवा कमी झाला की मळ्याचा विषय आपोआप मागे पडतो, निदान बऱ्याच घरांत.

घरगुती उपाय सगळे करून झाले होते. चपलांवर तिखट भुरभुरवलं होतं, खड्ड्यात डांबरगोळ्या टाकल्या होत्या, वर्तमानपत्राची सुरळी नाकावर बसली होती. शेवटी सकाळी मुलं बाहेर पडली की ती परत येईपर्यंत बुंदीला फाटकाशी साखळीने बांधायला सुरुवात झाली होती. यातल्या डांबरगोळ्या मी पहिल्याच भेटीत वेचून बाहेर काढायला लावल्या. नॅफ्थलीनची गोळी पिल्लाच्या पोटात गेली तर तांबड्या रक्तपेशींना आणि यकृताला इजा होते, आणि उकरणारं पिल्लू सापडेल ते तोंडात घेऊन बघतंच. तिखटाने डोळे आणि नाक जळतं, शिकवण काहीच मिळत नाही. वर चार दिवसांनी तिखट उडून जातं आणि चप्पल तिथेच राहते.

आधी डॉक्टर

चावण्या-उकरण्याच्या तक्रारीत मी कामाला हात घालण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवते. पोटात जंत असले, रक्त कमी असलं, खाणं पुरेसं नसलं तर पिल्लं माती, कागद, भिंतीचा चुना असं काहीही खातात, आणि त्याला शिकवणीचा उपाय लागू पडत नाही. बुंदीच्या विष्ठेत गोल जंतांची अंडी सापडली. जंतांचं औषध जन्मापासून एकदाच दिलेलं होतं, ते आता वेळापत्रकाने सुरू झालं. लसी मात्र वेळेवर झालेल्या होत्या, म्हणजे बाहेर फिरायला नेण्यात अडचण नव्हती. ही गोष्ट पुढे उपयोगी पडली.

दुसरी गोष्ट तोंड उघडल्यावर दिसली. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि पक्के ४२ येतात. ही अदलाबदल साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत चालते. पुढचे पटाशीचे दात आधी बदलतात, मग सुळे आणि दाढा. बुंदीचे पुढचे दात नवे आलेले होते, मागच्या हिरड्या लाल आणि फुगलेल्या होत्या. काकूंना वाटत होतं की ती मुद्दाम त्रास देते. मी त्यांना तिची हिरडी दाखवली तेव्हा नातीला दात येताना ती काय काय चावायची हे त्यांनीच मला सांगितलं. त्यात काकांच्या चष्म्याची दांडी होती.

दात येण्याने चावणं समजतं, पण काकांचीच चप्पल का आणि संध्याकाळीच का, हे समजत नाही. उकरण्याचा तर दातांशी संबंधच नाही.

वही

मी घरच्यांना एक वही घालायला सांगितली. कधी, कुठे, काय, आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढे चार रकाने. लिहिण्याचं काम नातीने घेतलं. तिने मनापासून केलं, कारण या निमित्ताने मोठ्यांवरही लक्ष ठेवता येत होतं. "आजोबा ओरडले, बुंदी पळाली, आजोबा पळाले, बुंदी हसली" ही तिची नोंद मला पानभर माहितीपेक्षा जास्त सांगून गेली.

वही आठवडाभर भरल्यावर चावण्याचं चित्र असं दिसलं. चपला जायच्या त्या फक्त चामड्याच्या. शेजारीच पडलेल्या रबरी स्लिपरला तिने तोंड लावलं नव्हतं. विचारलं तेव्हा कळलं, ती आली तेव्हा खेळायला म्हणून काकांनीच तिला एक जुनी कोल्हापुरी दिली होती. पिल्लाला जुनी आणि नवी यातला फरक कळण्याचं काही कारण नाही. कमावलेल्या चामड्याचा वास, त्यात मुरलेला काकांच्या पायाचा वास, आणि हे चावलं तर चालतं ही पहिल्या दिवशीची परवानगी, एवढं तिच्या हिशेबात होतं. पायपुसणं आणि गोधडी यांचीही तीच कथा. तिला दोरीसारखा पीळ दिलेला जुन्या साडीचा तुकडा खेळायला दिलेला होता.

दुसरं, चप्पल उचलल्यावर घरातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस तिच्यामागे बागभर धावत होता. दिवसभर साखळीला बांधलेल्या पिल्लाला याहून मोठं बक्षीस देता येणार नाही. मारही बसायचा, पण तो शर्यत संपल्यावर.

तिसरी गोष्ट वेळेची. बहुतेक प्रताप संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यानचे. या वयाच्या पिल्लाला दिवसाचे १६ ते १८ तास झोप लागते. फाटकाशी बांधलेल्या बुंदीला ती मिळत नव्हती: भाजीवाला, शाळेची रिक्षा, रस्त्यावरची कुत्री, प्रत्येक आवाजाला ती उठून भुंकायची. संध्याकाळी घर भरलं की झोपेला आलेलं, चेकाळलेलं पिल्लू घरभर सैरावैरा धावायचं. घरच्यांना वाटायचं की तिची ताकद जिरली नाही, म्हणून मुलगा तिला अंगणात आणखी पळवायचा. त्याने ती आणखी बिथरायची.

खड्ड्यांच्या बाबतीत वही जास्त कामाची ठरली, कारण आपण ज्याला एक सवय म्हणत होतो त्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. टाकीमागचे उथळ खळगे दुपारी बारानंतरचे. तिथली माती टाकीच्या पाझराने ओली असते. एप्रिलच्या उन्हात ती वरची तापलेली माती बाजूला करून पोट टेकायची. हा उकाड्याचा इलाज होता. भिंतीलगतचा चर पहाटे आणि तिन्हीसांजेला वाढायचा, आणि उकरताना ती मध्येच थांबून कान टवकारायची. भिंतीखाली घुशीचं बीळ होतं. ही शिकार. गावठी कुत्रीच कशाला, कुठल्याही कुत्र्याला जमिनीखाली खुडबुड ऐकू आली की पाय थांबत नाहीत.

जास्वंदीचा खड्डा मात्र काकूंनी स्वतःच्या हाताने तयार केला होता. फुलं चांगली यावीत म्हणून त्या आळ्यात हाडांचा चुरा आणि पेंड घालत होत्या. हाडांचा चुरा म्हणजे कुत्र्याच्या नाकाला सरळ आमंत्रण. तुळशीच्या कुंडीतही नुकतीच तीच खतमाती घातलेली होती.

पेंडीचं पोतं बघितलं आणि मी बाकी सगळं बाजूला ठेवलं. ती एरंडीची पेंड होती. एरंडीच्या बीमध्ये रायसिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ते तेलात उतरत नाही, मागे पेंडीत राहतं. पेंड नीट तापवून निर्विष केलेली नसेल तर ती कुत्र्याचा जीव घेऊ शकते. हाडाच्या चुऱ्यात मिसळली की कुत्रं ती चवीने खातं, हा त्यातला खरा धोका. उलट्या, रक्ताचे जुलाब, गळून जाणं ही लक्षणं काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात, म्हणून खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. आळ्यातली वरची माती काढून टाकली, पोतं घराबाहेर गेलं. फाटकाजवळची कण्हेरही काकांनी उपटली. तिचं पान, फांदी, फूल सगळंच हृदयाला घातक असतं, आणि बुंदी नेमकी तिथेच दिवसभर बांधलेली असायची.

चपलांचा बंदोबस्त

पहिलं काम बुंदीचं नव्हतंच. चपला बंद कपाटात, वायरी वर, गोधडी माळ्यावर. हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त दिवस घेतं, कारण बाहेरून येऊन चप्पल कपाटात ठेवण्याची सवय साठ-पासष्ट वर्षांच्या माणसाला लावायची असते. नातीने एक चप्पल बाहेर दिसली की एक रुपया असा दंड लावला. तो बहुतेक एकाच माणसाने भरला.

चावायला काय द्यायचं यात मी जुनं कापड आणि चामडं दोन्ही बाद केलं. पीळ दिलेलं ओलं कापड गार करून देणं हा सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे आणि अनेक पिल्लांना तो चालतो. पण गोधडी फाडणाऱ्या पिल्लाच्या हाती पुन्हा कापडच देणं मला पटत नाही. घरात दुसरीकडे कुठे नसेल अशी वस्तू हवी. म्हणून पोकळ रबरी खेळणं आणलं. त्यात दहीभात किंवा भिजवलेलं तिचंच खाणं दाबून भरायचं, रात्री फ्रीझरमध्ये ठेवायचं, सकाळी द्यायचं. गारव्याने हिरड्या बधिर होतात आणि चाटण्या-चावण्यात बराच वेळ जातो. जोडीला फ्रीजमधलं जाड गाजर आणि उन्हात वाळवलेल्या रताळ्याच्या जाड फोडी. बाजारात मिळणारी शिंगं आणि खूर मी टाळायला सांगते. अंगठ्याचं नख दाबलं तर वस्तूवर खूण उमटली पाहिजे. उमटत नसेल तर ती दाताला जड आहे, दाढेचा टवका उडू शकतो.

हाडांवरून काकांशी थोडी जुंपली. रविवारच्या मटणाची हाडं तिला मिळत होती. "आमच्या लहानपणी कुत्री हाडांवरच जगायची." जगायची हे खरं, पण कुठलं कुत्रं आतडं फाटून मेलं हे तेव्हा कोणी बघायला जात नव्हतं. शिजलेलं हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात. काकांनी ऐकलं, पण माझ्यामुळे नाही. डॉक्टरांनी तेच सांगितल्यावर ऐकलं. माझी काही हरकत नाही.

तोंडातली वस्तू सोडवण्याची पद्धत बदलली. ओरडायचं नाही, मागे धावायचं नाही, जबडा उघडून ओढायचं तर अजिबात नाही. मुलाने तसं ओढलं तेव्हा ती एकदा गुरगुरली होती. तिथूनच पुढे वस्तू राखण्याची खोड लागते आणि ती चावण्यापेक्षा फार अवघड असते. त्याऐवजी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा नाकाशी न्यायचा, तोंड सुटताना "सोड" म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि लगेच तिची स्वतःची वस्तू हातात द्यायची. यात एक मेख आहे. अदलाबदल फक्त चोरीच्या मालावरच केली तर हुशार पिल्लू कोंबडी मिळवण्यासाठी चोरी करायला शिकतं. म्हणून सराव तिच्याच खेळण्यांवर, शांत वेळी करायचा, आणि सोडलेलं खेळणं बहुतेक वेळा तिला परत द्यायचं. शिवाय ती आपणहून आपलं रबर चावत बसली असेल तेव्हा जाता-जाता एखादा तुकडा समोर टाकायचा. सगळ्यांना जड गेलं ते हेच. गप्प बसलेल्या पिल्लाकडे कोणाचं लक्ष जात नाही.

"तिला कळतं हो, मी आले की कान पाडून बसते," असं काकू म्हणत. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याने खाऊ खरंच चोरला की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा यायचा, निर्दोष कुत्र्यालाही. बुंदी काकूंच्या पावलांचा आवाज ओळखत होती. तासाभरापूर्वीच्या चपलेशी तिने तो जोडला नव्हता. हे ऐकून काकू थोड्या नाराज झाल्या, पण वर्तमानपत्राची सुरळी गेली.

साखळी काढली. जिन्याखालच्या गार कोपऱ्यात गोणपाटाचं अंथरूण आणि समोर लाकडी फळीचा आडोसा केला. तासभर जागी राहिली की तिकडे, रबरी खेळण्यासह. पहिले दोन दिवस ती कुरकुरली, मग झोपायला लागली. सकाळ-संध्याकाळ सून किंवा मुलगा तिला वसाहतीत हुंगत-हुंगत हळू फिरवायचे, पळवणं बंद. संध्याकाळचा धिंगाणा निम्म्याहून कमी झाला तो मुख्यतः या झोपेने. चावण्याच्या तक्रारीत लोक खेळणी विचारतात, झोप कोणी विचारत नाही.

उकरायची जागा

टाकीमागे सीताफळाच्या सावलीत चार फूट बाय चार फूट जागा विटा उभ्या लावून आखली. दीड फूट खोल खणून नदीची वाळू आणि चाळलेली माती मिसळून भरली. जागा मुद्दाम तिचीच निवडली, जिथे ती गारव्यासाठी आधीच जात होती. उन्हाळ्यात दुपारी तिथे दोन तांबे पाणी शिंपडायचं. पहिल्या दिवशी नातीने खेळणी अर्धी बाहेर ठेवून पुरली, मग थोडी खोल, मग पूर्ण. बुंदी दुसरीकडे उकरताना दिसली की ओरडायचं नाही. उत्साहाने हाक मारून वाळूकडे पळायचं आणि तिथे सापडेल असं काहीतरी आधीच पुरलेलं असायचं. रात्री वाळूवर ताडपत्री, नाहीतर वसाहतीतल्या मांजरांनी ती लगेच आपली केली असती.

जास्वंदीच्या आणि मोगऱ्याच्या आळ्यात मातीखाली इंचभर, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी आडवी अंथरली, कापलेली टोकं आत वळवून, वर चपटे दगड. नखांना जाळी लागली की उकरण्यातली मजा जाते. खत म्हणून पूर्ण कुजलेलं शेणखत, तेही मातीत मिसळून. तुळशीची कुंडी वृंदावनात उंचावर गेली.

भिंतीचा प्रश्न वेगळा होता. तिथे शिकार खरी होती, आणि खऱ्या शिकारीपुढे माझी पुरलेली खेळणी काय टिकणार? काकांनी घुशीसाठी औषध टाकायची तयारी केली होती. झिंक फॉस्फाइड असो वा रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या, कुत्रीच्या घरात मी कुठलंच विष टाकू देत नाही. विष खाऊन मेलेली घूस कुत्रीने खाल्ली तरी धोका असतो. पिंजरा लावला, बिळाच्या तोंडात दगड आणि जाळी ठोकून सिमेंट भरलं.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्यात गोष्टी बिघडल्या, आणि तसं होईल हे मी आधी सांगून ठेवलं होतं. धावणारे काका बंद झाल्यावर बुंदी दंडाच्या यादीतली चप्पल उचलून थेट त्यांच्या खुर्चीसमोर आणून ठेवायला लागली, वर भुंकायचीही. आजवर मिळणारं बक्षीस एकदम थांबलं की जनावर आधी जोर वाढवून बघतं. काका वर्तमानपत्र वाचत बसून राहिले. त्यांच्या घरच्यांच्या मते या सगळ्या प्रकरणात हा एकमेव चमत्कार.

वाळूचा खड्डा तिने तीन-चार दिवसांत स्वीकारला, दुपारची झोपही तिथेच. महिना संपला तेव्हा मळ्याचा विषय कोणी काढला नाही. मग घरात साखरपुडा आला. दारात पाहुण्यांच्या चपलांचा ढीग, घरात गडबड, फळीचा आडोसा कोणीतरी बाजूला केलेला. दोन जोड गेले, त्यातला एक नवऱ्या मुलाच्या काकांचा. घरच्यांना वाटलं सगळं शिकवलेलं वाया गेलं. वाया काही गेलं नव्हतं. इतक्या मोहात साडेपाच-सहा महिन्यांचं पिल्लू मोकळं सोडायचंच नसतं. त्यानंतर पाहुणे आले की बुंदी जिन्याखाली, आडोसा पक्का लावून.

साडेसहा महिन्यांना दात सगळे बदलले. वरचा एक दुधाचा सुळा नव्या सुळ्याला चिकटून राहिला होता. तो डॉक्टरांनी नसबंदीच्या वेळीच काढला. चावणं कमी झालं, थांबलं नाही, आणि वर्ष-दीड वर्षापर्यंत ते अधूनमधून वर येईल असं मी घरच्यांना सांगितलं आहे. रबरी खेळणं चालूच ठेवायचं. पावसाळ्यात वाळूचा चिखल झाला, म्हणून वर पत्र्याचं छप्पर आलं.

भिंतीपाशी ती अजून उकरते. पहिलं बीळ बुजवल्यावर घुशीने चार फुटांवर दुसरं काढलं, आणि बुंदीने ते घरच्यांच्या आधी शोधलं. काकांनी दुसरा पिंजरा आणला आहे. तो कुठे लावायचा हे ते आता तिला विचारून ठरवतात.